कागदाच्या जुन्या गिरण्या नदीकाठीच का? आणि त्याही एवढ्याशा ओढ्यांवर?

नकाशेवाला

रात्री जेवणं आटोपली की जुने नकाशे उघडून बसायचा नाद लागलाय. सध्या मुक्काम इंग्लंडमधल्या हर्टफर्डशायरात. तिथे गेड नावाची नदी आहे. नदी कसली, ओढाच. नकाशावर केसाएवढी रेघ. पण एकोणिसाव्या शतकात या रेघेवर कागदाच्या गिरण्यांची रांग लागलेली होती: फ्रॉगमोर, ॲप्सली, नॅश मिल्स. एक संपली की बोटभर अंतरावर दुसरी. टेम्ससारखी भरभक्कम नदी फार लांब नसताना ही मंडळी या ओढ्याला का लटकून होती?

माझा अंदाज पाणचक्कीचा. पण मग दोन गोष्टी जुळत नाहीत. चाकच फिरवायचं तर मोठ्या नदीत जोर जास्त असणार. आणि वाफेची इंजिनं आली तरी या गिरण्या जागच्या हलल्या नाहीत, त्याचं काय? ऑफिसातला एक मित्र म्हणतो, लाकडाचे ओंडके नदीतून वाहवत आणत असतील. त्या रेघेतून ओंडका सोडा, काडेपेटी तरी वाहील का?

जाणकारांनी प्रकाश टाकावा. गूगल करून झालंय, त्यामुळे 'गूगल करा' असा सल्ला नको.

पाणचक्की

ओंडक्यांचं आधी निकालात काढू. लाकूड दगडावर घासून लगदा करायची केलरची युक्ती जर्मनीत निघाली ती १८४० च्या दशकात. त्याआधीची पाच-सहाशे वर्षं युरोपातला कागद चिंध्यांचा होता. फाटके लिननचे सदरे, चादरी, जहाजांचे जुने दोर. त्या चिंध्या गावोगावचे चिंधीवाले गोळा करत. ओंडक्यांचा काही संबंधच नाही.

आता जोराचं. चाकाला मिळणारी ताकद दोन गोष्टींवर ठरते: पाणी किती आणि ते किती उंचीवरून पडतं. मोठी नदी सपाटीला येऊन सुस्तावलेली असते. तिला बांध घालायचा तर खर्च दांडगा, पुरात तो वाहून जाण्याची भीती, वर नावाडी भांडायला उभे. ओढ्याला मात्र चार माणसं बांध घालतात. तिथून पाट काढायचा, ओढ्यापेक्षा कमी उताराने कडेकडेने न्यायचा. थोडं पुढे गेलं की पाट वर आणि ओढा खाली, मधल्या उंचीत चाक बसवायचं. जॉन स्मीटन या इंग्रज अभियंत्याने १७५९ मध्ये प्रयोगांचे आकडे छापले, त्यात वरून पाणी पडणारं चाक खालून ढकललं जाणाऱ्या चाकाच्या जवळजवळ दुप्पट काम देतं असं निघालं. म्हणून छोटा ओढा आणि बरा उतार हा सौदा मोठ्या नदीपेक्षा फायद्याचा.

कागदाच्या अंगाने मला फार कळत नाही. जुनी_वही ताई इथे असतात, त्या सांगतील.

जुनी_वही

हाक मारलीत म्हणून आले. मी जुन्या कागदांच्या डागडुजीचं काम करते. फाटलेल्या वह्या, पत्रं, नकाशे. सव्वीस वर्षं झाली. त्यामुळे इतिहासकार म्हणून नाही, रोज ते कागद हाताळणारी म्हणून लिहिते.

पाणचक्कींनी सांगितलं ते बरोबर, पण ते अर्धं उत्तर. चाक काय, पीठ दळणाऱ्यालाही लागायचं आणि लोकरीचं कापड कुटणाऱ्यालाही. कागदवाल्याची गरज वेगळी होती. त्याला दोन पाणी लागत: एक राबणारं आणि एक कागदात जाणारं. राबणारं गढूळ असलं तरी चालतं. कागदात जाणारं मात्र नितळ हवं, आणि तेही दिवसरात्र. ही दोन्ही एका ठिकाणी मिळतात ती नदीच्या वरच्या अंगाला, झऱ्यांजवळ. खाली टेम्ससारख्या नदीत वरच्या सगळ्या गावांची घाण आलेली.

नितळ पाणी एवढं का लागतं, तर चिंधीपासून तावापर्यंतची वाटच पाण्यातून जाते. चिंध्या निवडायच्या, बटणं आणि शिवणी काढायच्या, मग ओल्या ढिगात आठवडेच्या आठवडे कुजवायच्या, कधी चुना घालून. मग उखळं. लाकडाच्या किंवा दगडाच्या मोठ्या द्रोणीत ओळीने मुसळं पडत, ती उचलायची चाकाच्या दांड्याने. पहिल्या उखळातल्या मुसळांना टोकदार खिळे ठोकलेले, पुढच्याला बोथट, शेवटच्याला नुसतं लाकूड. आणि कुटत असताना एका बाजूने ताजं पाणी सतत आत येतं, दुसऱ्या बाजूने मळकं बाहेर जातं. बाहेरच्या तोंडाला घोड्याच्या केसांची जाळी, म्हणजे धागे आत राहतात आणि मळ निघून जातो. तासन्‌तास हे चालायचं, एकेक घाणा दिवसाहून जास्त. त्यानंतर हौदातलं पाणी. तिथे लगदा इतका पातळ करतात की ताकसुद्धा त्यापुढे घट्ट वाटावं. साचा, म्हणजे जाळीची चौकट, बुडवून वर उचलला की पाणी गळून जातं आणि जे मागे राहतं तो कागद. पाण्यात जे जे तरंगत असेल तेही मागे राहतं.

हे मला पुस्तकातून कळलं नाही, एका चुकीतून कळलं. शिकाऊ होते तेव्हाची गोष्ट. सरावासाठी एका जुन्या हिशेबाच्या वहीची कोरी पानं दिली होती, रद्दीतून आणलेली. कागद धुवायला आम्ही शुद्ध केलेलं पाणी वापरतो. त्या दिवशी ते संपलं होतं आणि मला घाई, म्हणून सरळ नळाचं भरलं. पहिल्या ट्रेचं पाणी फिक्या चहासारखं झालं, ते तर होतंच. जुन्या कागदातला मळ आणि आम्ल उतरतं. मी खूश. दोन दिवसांनी पानं वाळली तेव्हा कडेने तांबूस ठिपक्यांची रांग! इमारतीचा नळ जुना लोखंडी होता, त्याचा गंज. सर काही बोलले नाहीत. ते पान त्यांनी माझ्या टेबलासमोरच्या भिंतीला टाचून ठेवलं, वर्षभर.

तर जुने कागदवाले लोखंडाला असे भीत. पावसाळी लोंढा आला की पांढऱ्या कागदाचं काम थांबवत, नाहीतर जाडाभरडा तपकिरी, पुड्या बांधायचा कागद काढत. शरद ऋतूत कुजक्या पानांनी पाण्याला रंग चढे, तो तावात उतरे. उन्हाळ्यात ओढा आटला तर चाकच बंद.

दोन पाण्यांची ही गोष्ट सगळ्यात छान कुठे दिसते सांगू? हॉलंडात. तिथे वेलुवे नावाचा वाळूच्या टेकड्यांचा भाग आहे. कागदवाल्यांना तिथे पुरेसे ओढे नव्हते, म्हणून त्यांनी टेकडीच्या उतारात भूजल लागेपर्यंत खणून ओढे तयार केले! त्यांना श्प्रेंगन म्हणतात. जमिनीतून गाळून आलेलं काचेसारखं पाणी, आणि पाट उंचावरून नेला की चाकापुरता उतारही. त्याच देशात झान नदीच्या सपाट भागात उतार नावालाही नाही, म्हणून तिथे कागदाच्या गिरण्या वाऱ्यावर चालल्या. वेस्टझानची 'द स्खूलमेस्टर' ही १६९२ ची पवनचक्की आजही चिंध्यांचा कागद काढते. मुसळं उचलायला वाऱ्याचा जोर कमी पडे, म्हणून या डच लोकांनी सतराव्या शतकात उखळाला पर्याय शोधला: लंबगोल हौदात फिरणारा पात्यांचा रूळ. जगभर त्याला हॉलंडरच म्हणतात. दिवसाचं काम काही तासांत होऊ लागलं, पण धागे कुटले जाण्याऐवजी कापले जाऊ लागले, आणि जिथे पाती लोखंडी होती तिथे त्यांचे कण कागदात. माझ्या टेबलावर अठराव्या शतकातला एखादा ताव आला की मी आधी ते कण शोधते.

आता तुमची गेड. हर्टफर्डशायरात जमिनीखाली खडूचा दगड आहे. पाऊस त्यात मुरतो आणि महिनोन्‌महिने हळूहळू झऱ्यांतून बाहेर येतो. पाणी नितळ, ओढा सहसा चटकन चढत नाही की आटत नाही. शिवाय त्यात कॅल्शियम. हे कॅल्शियम कागदाला आम्लापासून वाचवतं. आयोवा विद्यापीठात टिमथी बॅरेट आणि सहकाऱ्यांनी चौदाव्या ते एकोणिसाव्या शतकातले १,५७८ कागद तपासले, तेव्हा चांगल्या टिकलेल्या कागदांत दोन गोष्टी जास्त सापडल्या: सरस आणि कॅल्शियम. सरस म्हणजे जनावरांच्या कातड्या उकळून काढलेली खळ, शाई फुटू नये म्हणून ताव तीत बुडवायचे. कॅल्शियम काही चिंध्यांना लावलेल्या चुन्याचं, काही पाण्याचं. पाचशे वर्षांपूर्वीचा ताव मी उचलते तेव्हा तो खडखडीत वाजतो. १८८० चं वर्तमानपत्र उचललं तर बोटात भुगा येतो.

लांबलं, पण राहवत नाही म्हणून एक सांगतेच. ही बांधणी इटलीतल्या फाब्रियानोत तेराव्या शतकात जमली: पाण्यावरची मुसळं, सरसाची खळ आणि जलचिन्ह, म्हणजे ताव उजेडात धरला की दिसणारी खूण. मुसळं त्यांनी लोकर कुटणाऱ्यांकडून उचलली असं मानतात. तिथून न्यूरेम्बर्गच्या उल्मान स्ट्रोमर नावाच्या व्यापाऱ्याने ती विद्या नेली आणि १३९० मध्ये पेग्निट्‌झ नदीवरची दळणाची गिरणी कागदाला लावली. कारागिरांकडून गुप्ततेच्या शपथा घेतल्या. इटालियन कारागीर अडून बसले तेव्हा त्यांना कोंडून ठेवलं, आणि हे सगळं स्वतःच्याच वहीत लिहून ठेवलं. १४९३ च्या न्यूरेम्बर्गच्या इतिवृत्तात शहराचं मोठं चित्र आहे, त्यात उजवीकडे खाली, तटाच्या बाहेर ती गिरणी दिसते. बाहेर का? आवाज आणि कुजक्या चिंध्यांचा वास. शेजारी म्हणून कोणाला हवी होती?

किरकिऱ्या

ताई, माहिती झकास. पण नितळ पाणी, झरे, टेकड्या यात फार रमू नका. गिरणीत शिरताना नितळ होतं, बाहेर पडताना काय होतं ते कोण सांगणार? कुजवलेल्या चिंध्यांचं धुवण, चुना, पुढे विरंजनाचं क्लोरीन. १८६० च्या सुमारास चिंध्या पुरेनात म्हणून इंग्लंड-स्कॉटलंडातल्या गिरण्यांनी स्पेन आणि उत्तर आफ्रिकेतून एस्पार्टो गवत आणायला सुरुवात केली. ते कॉस्टिक सोड्यात शिजवायचं आणि काळं पाणी सरळ नदीत. एडिंबराजवळच्या नॉर्थ एस्क नदीवर गिरण्यांची अशीच रांग होती. खालच्या अंगाच्या जमीनदारांनी, बकलूचे ड्यूक त्यात पुढे, गिरणीवाल्यांना कोर्टात खेचलं आणि १८६६ मध्ये ज्यूरीने गिरण्यांच्या विरोधात कौल दिला. त्यानंतर दहा वर्षांनी, १८७६ मध्ये, ब्रिटनमध्ये नद्यांच्या प्रदूषणाविरुद्ध कायदा झाला, तोही बराचसा बिनदाताचा.

गंमत म्हणजे वरच्या गिरणीची घाण हेच खालच्या गिरणीचं 'कागदात जाणारं पाणी'. ओळीने गिरण्या होत्या ना?

जुनी_वही

मान्य, शंभर टक्के. आणि शेवटचं वाक्य तर मीच लिहायला हवं होतं. म्हणूनच गिरणीवाले काठावर स्वतःचा झरा किंवा विहीर राखून ठेवत, नदी फक्त चाकाला. तरी जुन्या चिंधी-गिरणीला आणि एस्पार्टो शिजवणाऱ्या कारखान्याला एका तराजूत घालू नका. पाच-दहा माणसांची गिरणी आणि बॉयलरची चिमणी यांत फरक आहे.

नकाशेवाल्यांचा वाफेचा प्रश्न राहिलाच. यंत्र आलं तेव्हा ते वाफेवरचं नव्हतं, हे लक्षात घ्या. फ्रान्समध्ये एसोनच्या गिरणीत निकोला-लुई रोबेरने १७९८ मध्ये सलग कागद काढणारं यंत्र केलं, पुढच्या वर्षी पेटंट मिळालं. ते इंग्लंडात गेलं, फोर्ड्रिनियर बंधूंनी पैसा ओतला, ब्रायन डॉन्किनने ते नीट चालेल असं घडवलं. पहिलं बसलं १८०३ मध्ये आणि तेही कुठे, तर तुमच्या रेघेवर, फ्रॉगमोरला. फोर्ड्रिनियर १८१० मध्ये दिवाळखोर झाले, त्यांचं नाव मात्र अशा सपाट जाळीच्या कागदयंत्राला आजही आहे. शेजारच्या ॲप्सलीला जॉन डिकिन्सनने १८०९ मध्ये वेगळ्या तऱ्हेच्या, गोल जाळीच्या यंत्राचं पेटंट घेतलं.

मग १८२० मध्ये क्रॉम्प्टनने वाफेने तापवलेल्या रुळांवर कागद वाळवायची युक्ती काढली आणि कोळसा लागू लागला. इथे गेडचं नशीब जोरावर. लंडनहून मध्य इंग्लंडकडे जाणारा ग्रँड जंक्शन कालवा त्याच खोऱ्यातून जात होता. कोळसा आणि चिंध्या होडीतून दारात, तयार कागद होडीतून लंडनला. अर्थात कालव्याने गिरण्यांचं पाणी पळवलं म्हणून डिकिन्सनची कालवा कंपनीशी जुंपली आणि शेवटी कालव्याचा तिथला मार्ग बदलावा लागला. नकाशावर बघा, ॲप्सली आणि नॅश मिल्सच्या आसपास कालवा आणि नदी एकमेकींना चिकटून चालतात.

तर वाफ आली म्हणून कागदाची तहान भागत नाही. बॉयलरला पाणी हवं, लगद्याला हवं, शिवाय बांध, पाट, पाण्याचे हक्क आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे कारागीर तिथेच. गिरण्या हलल्या त्या पुढे, जेव्हा एस्पार्टो आणि मग लाकडाचा लगदा जहाजांतून यायला लागला. तेव्हा बंदर जवळ असणं झऱ्याहून मोलाचं ठरलं.

कारागिरांना हे यंत्र काही गोड लागलं नव्हतं. नोव्हेंबर १८३० मध्ये हाय विकमजवळ वाय नदीकाठच्या गिरण्यांत शिरून लोकांनी यंत्रं फोडली. हौदावर दिवसभर वाकून साचा उचलणाऱ्या माणसाच्या खांद्यात एक हिसका बसलेला असायचा, धागे चारी दिशांनी गुंतावेत म्हणून द्यायचा. तो हिसकाच त्याची रोजी होती.

नकाशेवाला

ताई, वाचनखूण साठवली! पाणचक्की आणि किरकिऱ्या, तुमचेही आभार. मित्राला ओंडक्यांचं कळवलंय, तो आता 'मी गंमत केली होती' म्हणतोय.

एक शेवटचं. गेल्या वर्षी एका ऑनलाइन लिलावात जुन्या इंग्रजी पत्राचा एक ताव घेतला होता. तुमचा प्रतिसाद वाचून आत्ता खिडकीशी धरून पाहिला. जलचिन्हात 'जे व्हॉटमन टर्की मिल १८२२' असं स्पष्ट वाचता येतंय! पत्रावर तारीख मात्र १८२४ ची. खोटं तर नाही ना गळ्यात मारलं?

जुनी_वही

अजिबात नाही. इंग्लंडात १७९४ च्या कायद्याने निर्यातीच्या कागदावरच्या कराची सूट हवी असेल तर जलचिन्हात साल घालणं भाग पडलं. ती अट १८११ मध्ये गेली, सवय राहिली. कागद निघतो, विकला जातो, कोणाच्या तरी मेजावर पडून राहतो, दोन वर्षं सहज जातात. उलटं असतं, म्हणजे पत्र १८२० चं आणि जलचिन्ह १८२२ चं, तर मी संशय घेतला असता. टर्की मिल म्हणजे केंटमधल्या मेडस्टनची, लेन नदीवरची. छोटीच नदी, हे वेगळं सांगायला नको.

आता तो ताव असाच तिरप्या उजेडात धरा. मधोमध आडवी, थोडी उंचवटलेली वळी दिसते का? हाताने केलेले ताव चार-पाच एकत्र करून माळ्यावर दोरीवर वाळत टाकत, ती दोरीची खूण. दोऱ्या गाईच्या नाहीतर घोड्याच्या केसांच्या वळत, डाग पडू नये म्हणून.

नकाशेवाला

दिसली! बोटाला लागतेय सुद्धा. आणि खालच्या कोपऱ्यात मोहरीएवढा तपकिरी ठिपका आहे, भोवती फिकट कडं. लोखंड?

जुनी_वही

लोखंड नाहीतर बुरशी. भिंग घ्या. ठिपक्याच्या मध्यावर काळा कण दिसला तर बहुतेक लोखंड. आणि काहीही झालं तरी नळाखाली धरू नका.